मत फळ्यावर, बाजू उलटी

आमच्यातले दोघं-तिघं अजूनही भेटतो. कधी कुणाच्या नातवाच्या बारशाला, कधी नुसतेच दादरला भाजी घेताना. चहा येईपर्यंत एक किस्सा होतो, चहा गार होईपर्यंत चार होतात, आणि मग घरचे लोक 'आता पुरे' अशा चेहऱ्याने आतबाहेर करायला लागतात. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही हे सगळं वाढवून सांगता." मी म्हणते, "बाई गं, वाढवत नाही, उलट अर्धं गाळते. सगळं सांगितलं तर तुला खोटं वाटेल!"

हे किस्से दाबके सरांच्या रविवारच्या वर्गातले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. परळला एका व्यायामशाळेच्या माडीवर आमचा वर्ग भरायचा. खाली जोर-बैठका, वर इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी वाङ्मय. आम्ही पाच जण. सगळेच पोटापाण्याचं बघून सकाळच्या कॉलेजात बी.ए. करणारे. सर स्वतः रात्रशाळेत शिकवायचे आणि रविवारी सकाळी आम्हाला फुकट शिकवायचे. फुकट शिकवतात म्हणून बोलणी खाताना आम्हाला तक्रारही करता यायची नाही.

पाच जण म्हणजे, एक गिरगावचा जोगळेकर. बँकेत कारकून, पेन्सिलला टोक काढल्याशिवाय विचारसुद्धा करायचा नाही. दुसरा लालबागचा सावंत. मिलच्या टाइम ऑफिसात होता आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. तिसरा खोताच्या वाडीतला पीटर परेरा, आमच्यात सगळ्यात सुंदर मराठी लिहिणारा. चौथी विमल कांबळे, तिथलीच, परळच्या चाळीतली. दुपारी बालवाडीत मुलांना शिकवायची. आणि पाचवी मी, दादरची कुंदा गुप्ते, फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट. जीभ तेव्हाही लांबच होती.

*

वर्गाचा नियम कसा झाला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सरांनी पहिल्याच महिन्यात प्रश्न दिला, '१८५७ : शिपायांचे बंड की स्वातंत्र्ययुद्ध? चर्चा करा.' दरवर्षी पेपरात हटकून येणारा प्रश्न. आम्ही पाचही जणांनी छातीठोकपणे लिहून आणलं, स्वातंत्र्ययुद्ध! सरांनी पाची उत्तरं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रश्नात 'चर्चा करा' म्हटलंय. तुम्ही पाच जणांनी आरती केलीत."

त्या दिवसापासून नियम झाला. ज्याची पाळी असेल त्याने आधी आपलं खरं मत सांगायचं. सर ते त्याच्या नावापुढे फळ्यावर लिहिणार. मग सर घंटा वाजवणार आणि त्याने बरोब्बर उलट बाजूने बोलायचं. पुन्हा घंटा होईपर्यंत थांबायचं नाही, आणि 'हे माझं मत नाही बरं का' असं मध्येच म्हणायचं नाही. सर म्हणायचे, "मत फळ्यावर सुरक्षित आहे. त्याला कुणी खात नाही. तुम्ही बोला."

पहिली पाळी जोगळेकरची. त्याने 'हे निव्वळ शिपायांचं बंड होतं' ही बाजू इतक्या अभ्यासाने मांडली, इतक्या अभ्यासाने मांडली, की पुढच्या रविवारी पडेल चेहऱ्याने उभा राहिला. "सर, माझं मत बदललं. मला पटलंच ते!"

"मग आता उलट बाजू घ्या," सर म्हणाले.

घेतली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा उभा! "सर, परत पटलं. स्वातंत्र्ययुद्धच होतं!"

सरांनी शांतपणे फळा पुसला. "जोगळेकर, बसा. तुम्ही सत्तावन्न साली असतात ना, तर तुम्हाला दोन्हीकडून गोळ्या लागल्या असत्या!"

*

घंटेची एक वेगळीच गंमत. ती घंटा सरांच्या देवघरातली. वर्गासाठी घंटा विकत आणावी हे सरांना सुचलंच नव्हतं. रविवारी सकाळी निघताना ते काकूंची नजर चुकवून देवघरातली घंटा धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणत. त्यामुळे परळला आमचा वाद संपेपर्यंत तिकडे माहीमला काकूंची पूजा खोळंबलेली असायची.

एकदा आम्हीच सरांना गाठलं. "सर, नियम सगळ्यांना सारखा. आज तुमची पाळी." विषय काढला, 'परीक्षापद्धती असावी की नसावी?' सरांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर मत लिहिलं, 'परीक्षा बंद कराव्यात.' आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी घंटा वाजवली आणि परीक्षांच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. रंगले चांगलेच.

तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या. काकू! सोवळं नेसूनच आल्या होत्या, वर शाल पांघरून. कुणाशी एक शब्द नाही. सरळ टेबलापाशी गेल्या, घंटा उचलली आणि सरांना म्हणाल्या, "देव पारोसे बसलेत माझे." आणि आल्या तशा गेल्या.

आता घंटाच नाही म्हटल्यावर सरांना थांबवणार कोण? सर बोलत राहिले. खालची व्यायामशाळा बंद झाली, समोरच्या खानावळीतली पहिली पंगत उठली, तरी सर परीक्षांचे फायदे सांगतायत! नियम म्हणजे नियम. शेवटी पीटरने खिशातली किल्ली पाण्याच्या तांब्यावर आपटली, तेव्हा सुटका झाली.

पुढच्या रविवारी सर नवीकोरी घंटा घेऊन आले. काकूंनीच आणून दिली होती, निरोपासकट. "सारखी वाजवू नका म्हणावं. देवाला वाटेल त्यालाच बोलावताय, आणि तो एवढे जिने चढून येईल बिचारा."

*

विमलचं मात्र आमच्यासारखं नव्हतं. आम्ही नापास झालो असतो तर पुढल्या वर्षी बसलो असतो. ती या वर्षी परीक्षेला बसणार की नाही हेच ठरायचं होतं.

तिचे बाबा भायखळ्याच्या एका मिलमध्ये रिंगखात्यात होते. घरातले देव दीक्षेनंतर उतरले होते, भिंतीवर नवे फोटो लागले होते. शिकायला सांगणाऱ्या सभांना बाबा पहिल्या रांगेत. "सभेत टाळ्या वाजवून हात लाल होतात त्यांचे," विमल सांगायची, "आणि घरी येऊन म्हणतात, पोरीला एवढं कशाला!" त्यांचं म्हणणं, मॅट्रिक झाली, इंटर झाली, पुष्कळ झालं. बी.ए. झालेल्या पोरीला आपल्यात मुलगा कुठून आणू? खडकीचं एक स्थळ सांगून आलेलं होतं, चांगलं. त्यात चाळीत कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की रविवारी व्यायामशाळेच्या माडीवर पोरंपोरी नुसती ओरडत असतात.

बाबा म्हणाले होते, "येकदा येऊन बघतो काय शिकिवतात त्ये. मग खडकीवाल्यांना काय सांगायचं ते सांगतो."

कधी येणार ते काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे जिन्यात पाऊल वाजलं की विमल बोलता बोलता अडखळायची. एरवी अडखळणारी नव्हती ती. घंटा झाल्यावर बाकीच्यांना एकेक प्रश्न विचारता यायचा, आणि तिच्या प्रश्नाला सगळे टरकून असत.

एकदा जोगळेकर पानिपतच्या पराभवाची कारणं सांगत होता. एक झालं, दोन झालं, सात झाली. रसद तुटली, बुणगे फार होते, अमुक, तमुक. घंटा झाली. विमलने विचारलं, "ते पाणी भरणारे, ओझी वाहणारे, तंबू ठोकणारे लोक होते ना, त्यांची नावं कुठे मिळतील?"

जोगळेकर म्हणाला, "त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत."

"मग तुमचं आठवं कारण सापडलं," विमल म्हणाली आणि खाली बसली.

जोगळेकरने पेन्सिलीला टोक काढलं आणि आठवं कारण खरंच लिहून घेतलं! त्याचा हा गुण मला फार आवडायचा.

*

सावंतचा किस्सा अख्ख्या परळला पाठ होता.

प्रश्न होता, 'भाषावार प्रांतरचना : गुण आणि दोष.' सावंत नुकताच चळवळीत लाठी खाऊन आला होता. कपाळाला पट्टी. सरांनी विचारलं, "मत?" तर या गृहस्थाने मत सांगितलं नाही, गर्जना केली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" खालून पन्नास पैलवानांनी उत्तर दिलं, "झालाच पाहिजे!" माडीच्या फळ्या हादरल्या.

सरांनी मत लिहिलं, घंटा वाजवली, आणि सावंत उलट बाजूने सुरू झाला. मुंबई सगळ्यांची आहे, मुंबई वेगळीच हवी, व्यापार काय आणि भांडवल काय! आवाज तोच, लाठीवाला. खिडक्या सताड उघड्या.

खालचे जोर थांबले. मग जिना वाजायला लागला. आधी वस्ताद आले, लंगोटावर पंचा गुंडाळून, आणि त्यांच्या मागे जिनाभर पैलवान. "कोण तो मुंबई तोडणारा?" वस्तादांनी वाक्य पुरं करायच्या आत सावंतची कॉलर धरली.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, की वस्ताद, हे माझं मत नाही. पण नियम! सावंत चवड्यांवर उभा, कॉलर वस्तादांच्या मुठीत, आणि म्हणतोय काय, "वस्तादांनू, जरा थांबा, माजे दोन मुद्दे ऱ्हवलेत!"

सरांनी घाईघाईने घंटा वाजवली. घंटेचा आवाज विरायच्या आत सावंतने त्याच मुठीतून आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

वस्तादांनी कॉलर सोडली. त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सरांना म्हणाले, "मास्तर, पोरगा गुणी आहे. पण याला रोज थोडं दूध द्या. डोक्याला चढलंय कायतरी!"

*

पीटरची आणि जोगळेकरची एक जुगलबंदी झाली होती. विषय, 'मराठीत परकीय शब्द असावेत की नसावेत?' पीटरचं मत, भाषा पाहुणचार करते, येऊ द्यात शब्द. जोगळेकरचं मत, एकही नको. म्हणजे नियमाप्रमाणे पीटरने शुद्ध मराठीची बाजू घ्यायची आणि जोगळेकरने पाहुण्यांची.

पीटरने कमाल केली. एकही बाहेरचा शब्द न वापरता झऱ्यासारखा बोलत होता. तेवढ्यात खालच्या हॉटेलातला चहावाला आला आणि त्याने नेहमीसारखं विचारलं, "पीटरभाऊ, सिंगल की डबल?"

पीटर थांबला. कपाळाला घाम आला. 'कप' म्हणता येईना, 'हाफ' म्हणता येईना. शेवटी म्हणाला, "अर्धा पेला."

"पेला मूळ फारसी!" जोगळेकर ताडकन उठून ओरडला.

सर म्हणाले, "जोगळेकर, आज तुम्ही फारसीच्या बाजूने आहात!"

जोगळेकर ओशाळून बसला. चहावाला अजून तिथेच, किटली हातात धरून. पीटर त्याला म्हणाला, "बाबा रे, तू जा. आज मी उपाशी राहीन, पण मराठीत राहीन."

*

माझाही एक आहे. सांगितलाच पाहिजे, नाहीतर हे लोक पाठीमागे सांगतात आणि जास्त तिखटमीठ लावतात.

विषय, 'एकत्र कुटुंबपद्धतीचे गुणदोष.' आमच्या दादरच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं. माझं मत काय असणार? फळ्यावर ठळक अक्षरात लागलं, 'एकत्र कुटुंब बंद झाले पाहिजे.' घंटा झाली आणि मी एकत्र कुटुंबाचं असं काही गुणगान केलं, की मला स्वतःलाच गहिवरून आलं. सासू म्हणजे दुसरी आई! जावा म्हणजे बहिणी! एका ताटात जेवणारी माणसं एका दुःखात रडतात! काय काय बोलले देवच जाणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर आईचा चेहरा फुललेला. माझ्यासाठी एक स्थळ बघणं चाललं होतं, आणि मुलाची आत्या परळलाच राहायची. मुलगी कशी आहे ते गुपचूप बघावं म्हणून ती रविवारी आमच्या माडीच्या जिन्यात येऊन उभी राहिली होती. जिन्यातून फळा दिसत नसे. तिने नुसतं भाषण ऐकलं! त्यांच्या घरात माणसं होती एकवीस, आणि त्यांना अशीच मुलगी हवी होती.

मी तडक आत्याबाईंकडे गेले. म्हटलं, "आत्याबाई, तुमचा गैरसमज झालाय. ती माझी बाजू नव्हती हो!"

आत्याबाई शांतपणे शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, नांदायला गेल्यावर कुणाला असते?"

ते स्थळ मी नाकारलं. आत्याबाईंशी मैत्री मात्र त्या जाईपर्यंत टिकली.

*

आणि आता तो रविवार.

सरांनी प्रश्न आणला होता, 'जातिव्यवस्थेने भारतीय समाजाला स्थैर्य दिले. चर्चा करा.' जुन्या पेपरातला, जसाच्या तसा. पाळी विमलची होती. सरांच्या ते लक्षात आलं आणि कागद त्यांच्या हातातच राहिला. म्हणाले, "मिस कांबळे, हा आज आपण जोगळेकरांना देऊ."

विमल म्हणाली, "परीक्षेत आला तर जोगळेकर येणार आहेत का माझा पेपर लिहायला?"

सर फळ्यापाशी गेले, तिचं नाव लिहिलं. "मत?"

"जात माणसाला माणूस राहू देत नाही."

सरांनी ते लिहिलं. नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं. मग हात झटकून वळले आणि म्हणाले, "बाजू उलटी. मिस कांबळे बोलतील, जातिव्यवस्थेच्या बाजूने."

"कशाच्या बाजूनं?"

आवाज जिन्याच्या तोंडाकडून आला. विमलचे बाबा! इस्त्रीचा शर्ट, लेंगा, डोक्यावर टोपी. आजच आले होते, आणि आल्या आल्या एवढं एकच वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं.

सावंतला वाटलं आपण समजावून सांगावं. तो उठून त्यांना हाताला धरून आत घेऊन आला. "काका, बसा तुमी. हय सगळां उलटां बोलूचा असता. मी नाय, मुंबय तोडूक सांगत होतंय, वस्तादान माजी कॉलर धरल्यान..."

बाबांनी आपला हात सोडवून घेतला. सरांना म्हणाले, "ह्या पोराला बरं न्हाई का?"

सरांनी मग स्वतः नियम सांगितला. मत फळ्यावर लिहायचं, बोलायचं उलट. "परीक्षेत समोरच्याचीही बाजू माहीत असावी लागते, म्हणून," सर म्हणाले.

"समोरच्याची बाजू?" बाबा म्हणाले. "ती आमाला म्हाईत न्हाई म्हनता, मास्तर?"

बाबा शेवटच्या बाकावर जाऊन बसले. टोपी काढली नाही. विमलकडे बघून म्हणाले, "बोल. तेच ऐकाय आलोय."

मी विमलकडे पाहिलं. तिचं सगळं वर्ष त्या बाकावर येऊन बसलं होतं. मला वाटलं आता ती 'नको सर' म्हणेल. म्हणावं असंच मला वाटत होतं.

सरांनी घंटा वाजवली.

विमल उठली. पण टेबलापाशी गेली नाही, दाराकडे गेली. उंबऱ्याबाहेर आमच्या सगळ्यांच्या चपला होत्या. त्यातल्या आपल्या तिने पायात घातल्या आणि तिथेच उभी राहिली. जिन्याच्या कठड्याला टेकून, हातावर हात ठेवून, मान खाली. खाली कुणीतरी मुगदल फिरवत होतं, त्याचा तेवढा आवाज.

सर म्हणाले, "मिस कांबळे, बोला."

"बोलतेच आहे सर," ती बाहेरून म्हणाली. "या बाजूने असलं की मी इथे असते. आणि इथे असलं की बोलायचं नसतं."

आणि ती गप्प झाली.

पीटर खिडकीबाहेर बघायला लागला. सावंत, ज्याला बोलल्याशिवाय श्वास घेता यायचा नाही, तो दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. जोगळेकर उठला, दोन पावलं दाराकडे गेला आणि म्हणाला, "विमलताई, या ना आत." विमलने मान वर केली नाही. तो परत येऊन बसला.

सरांचा हात घंटेकडे गेला. त्यांनाही ते सोसेना.

"मास्तर," मागून बाबा म्हणाले, "टाइम झाला का तिचा?"

"नाही, अजून..."

"मग पुरा द्या तिला."

सरांनी हात मागे घेतला. आम्ही बसून राहिलो. ती उभी राहिली. बाबा तिच्याकडे बघत होते, पापणी न हलवता. एवढं लांब भाषण त्या माडीवर कधी झालं नाही.

घंटा झाली. विमलने चपला काढल्या, आत आली आणि माझ्या शेजारी बसली. मी तिचा हात धरला. सरांनी विचारलं, "कुणाला प्रश्न?"

मग बाबा उठले. आम्हाला वाटलं, संपलं. आता हिला घेऊन जाणार आणि उद्या खडकीला होकाराचं पत्र जाणार. विमलनेही पदर सावरला, उठायच्या तयारीने.

बाबा तिच्या बाकावरून पुढे गेले, फळ्यापाशी. विमलच्या नावापुढे लिहिलेलं वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं, एकेक अक्षर. मग वळून सरांना म्हणाले, "हितं समद्यांनाच बोलाय मिळतं का?"

"हो. अवश्य."

"मग माजं नाव लिवा. धोंडिबा कांबळे."

सरांनी लिहिलं. "विषय कोणता घेता?"

"पोरींनी बी.ए. व्हावं का न्हाई."

सरांचा खडू हवेतच थांबला. हळूच त्यांनी विचारलं, "आणि तुमचं मत?"

बाबांनी विमलकडे पाहिलं. विमल खाली बघत होती.

"लिवा मास्तर," बाबा म्हणाले. "पोरींनी येवढं शिकू नये. ठळक लिवा."

सरांनी ठळक लिहिलं. बाबांनी ते नीट वाचून घेतलं, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"लिवलं? मग वाजवा घंटा!"